एकदाही पहिला न येता शर्यत कशी जिंकतात?

प्रश्न : जानेवारीत पुण्याची सायकल शर्यत टीव्हीवर पाहिली. तेव्हापासून आमच्या माळनाक्यावरच्या चहाच्या गाडीवर एक वाद मिटता मिटत नाही. एक मित्र म्हणतो, रोज पहिला येणाराच शेवटी जिंकतो. दुसरा म्हणतो, फ्रान्सच्या शर्यतीत तर एकही दिवस पहिला न आलेला माणूस जिंकला आहे. हे खरे असेल तर ती शर्यत कसली? शिवाय हे लोक एकमेकांना चिकटून घोळक्याने का जातात? रंगीबेरंगी जर्सी कशासाठी? पाच-पाच तास सायकलवर, मग खातात काय? (पुढचे विचारायला संकोच वाटतो.) ज्याची आशा पहिल्याच घाटात संपली, तो घरी का जात नाही? आणि आमच्या रत्नागिरीत असे काही होऊ शकेल का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमचा दुसरा मित्र बरोबर आहे. आजच्या चहाचे पैसे पहिल्याने द्यावेत.

का बरोबर आहे, हे कळण्यासाठी शर्यत फ्रान्समधून उचलून तुमच्याकडेच आणू. समजा, तीन दिवसांची शर्यत आहे. पहिल्या दिवशी रत्नागिरीहून आरे-वारे, गणपतीपुळे करत जयगड. दुसऱ्या दिवशी हातखंब्यावरून साखरपा आणि तिथून आंबा घाटाचा माथा. तिसऱ्या दिवशी भाट्ये ते पावस, पण एकेकट्याने. एक सुटला की मिनिटाभराने दुसरा सुटणार. सोबतीला कोणी नाही, गाठ फक्त घड्याळाशी. याला टाइम ट्रायल म्हणतात.

आता चार गडी घेऊ. त्यांना गुणांवरूनच नावे देऊ : वेगवान, घाटवाला, घड्याळवाला आणि सोशिक.

पहिल्या दिवशी सगळे घोळक्यानेच जयगडला पोहोचतात आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये वेगवान मुसंडी मारून पहिला येतो. इथे पहिला नियम लक्षात ठेवा. एका घोळक्यातून आलेल्या सगळ्यांना एकच वेळ मिळते, मग कोणी पाचवा असो की पन्नासावा. फक्त पहिल्या तिघांच्या वेळेतून अनुक्रमे 10, 6 आणि 4 सेकंद बक्षीस म्हणून वजा होतात. म्हणजे दिवसभराच्या घामानंतर वेगवानाची कमाई दहा सेकंद.

दुसऱ्या दिवशी आंबा घाटात घाटवाला सगळ्यांना सोडून वर जातो. त्याच्यामागे वीस सेकंदांनी सोशिक येतो. घड्याळवाला सहा मिनिटे मागे पडतो आणि वेगवान, बिचारा जाडजूड मांड्यांचा गडी, बारा मिनिटांनी धापा टाकत येतो. घाटवाल्याला दहा सेकंदांचे बक्षीस, सोशिकाला सहाचे. तिसऱ्या दिवशी अर्थातच घड्याळवाला पहिला. सोशिक त्याच्याहून फक्त पाच सेकंदांनी मागे, पण सपाटीवर एकट्याने दामटताना घाटवाला सव्वा मिनिट गमावून बसतो.

आता वही काढा आणि बेरीज करा. घाटात सोशिक घाटवाल्यापेक्षा बक्षिसासकट 24 सेकंद मागे होता. तिसऱ्या दिवशी त्याने 70 सेकंद भरून काढले. तो 46 सेकंदांनी शर्यत जिंकला. तीन दिवसांत तिघे वेगवेगळे पहिले आले आणि हार पडला चौथ्याच्या गळ्यात. टप्प्यांच्या शर्यतीत रोजचा निकाल ही एक गोष्ट आणि वेळेची बेरीज ही दुसरी. मोठे बक्षीस बेरजेला.

खऱ्या शर्यतीतही हे घडले आहे. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड 1990 साली, ब्रिटनचा क्रिस फ्रूम 2017 साली आणि कोलंबियाचा एगान बर्नाल 2019 साली त्या वर्षीचा एकही टप्पा न जिंकता ‘टूर द फ्रान्स’चे विजेते ठरले. बर्नालची गोष्ट तर कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. आल्प्समधल्या टप्प्यात तो इझराँची खिंड सगळ्यांच्या आधी चढून गेला होता. पुढे उतारावर गारपिटीने आणि दरड कोसळल्याने रस्ता बंद. आयोजकांनी टप्पा तिथेच थांबवला, खिंडीच्या माथ्यावरच्या वेळा धरल्या आणि त्या दिवशी कोणालाच पहिला ठरवले नाही. टप्पा हुकला, पण बेरीज वाचली.

बेरजेत सेकंदाची किंमत काय, हे 1989 ने दाखवले. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत 24.5 किलोमीटरची टाइम ट्रायल होती. फ्रान्सचा लोराँ फिन्यों 50 सेकंदांनी पुढे होता. लेमाँडने वारा कापणारे लांबट हेल्मेट घातले आणि हँडलला पुढे हात टेकायचे दांडे लावले. फिन्यों बोडक्या डोक्याने, मागे शेंडीवजा केस बांधून निघाला. लेमाँडने 58 सेकंद काढले. 3,285 किलोमीटर सायकल चालवून झाल्यावर दोघांत अंतर राहिले आठ सेकंदांचे. आजतागायत त्या शर्यतीत इतक्या कमी फरकाने कोणी जिंकलेले नाही.

हा वाद जुना आहे, एवढे समाधान तुमच्या पहिल्या मित्राला देऊ. ‘टूर’ सुरू झाली 1903 साली, आणि तीही एका वर्तमानपत्राचा खप वाढावा म्हणून. ‘लोतो’ नावाचे ते पत्र, संपादक आँरी देग्रांज. सहा टप्पे, 2,428 किलोमीटर. निघाले साठ, पोहोचले एकवीस. पहिला आलेला मोरिस गारँ दुसऱ्यापेक्षा पावणेतीन तासांहून अधिक पुढे होता. पण 1905 ते 1912 या काळात त्यांनी वेळ सोडून क्रमांकांवर गुण देऊन पाहिले, म्हणजे तुमचा मित्र म्हणतो जवळपास तसे. मग 1913 मध्ये पुन्हा घड्याळाकडे वळले ते कायमचे.

घोळक्याने का जातात?

वाऱ्यामुळे. संध्याकाळी भाट्याच्या पुलावरून समोरून वारा असताना सायकल चालवली असेल तर जास्त सांगायला नको. सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाणाऱ्याची बहुतेक सगळी ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते. त्याच्या मागच्या चाकाला चिकटून जाणाऱ्याला हवा आधीच फोडलेली मिळते. आइंडहोव्हनच्या तंत्र विद्यापीठातील संशोधकांनी 2018 साली 121 सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. घोळक्याच्या आत, मागच्या बाजूला असलेल्याला एकट्या स्वाराच्या तुलनेत हवेचा विरोध फक्त पाच ते दहा टक्के होतो असे त्यांना आढळले. म्हणून पुढे एकटा पळालेला वीर शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये बहुधा पकडला जातो. तो एकटा वाऱ्याशी भांडत असतो आणि मागे शंभर जण पाळीपाळीने.

या पाळीला लबाडी म्हणू नका. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते तेव्हा एकच माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत खांदा देतो का? एक जण थकला की दुसरा आत शिरतो, पालखी थांबत नाही. घोळक्याच्या तोंडाशी हेच चालते. पुढचा अर्धा-एक मिनिट वारा खातो, बाजूला सरकतो, मागे जातो, दुसरा पुढे येतो. पुढे यायचे टाळणाऱ्याला बाकीचे शिव्याही घालतात.

वैयक्तिक दिसणारा हा खेळ म्हणूनच सांघिक आहे. फ्रान्सच्या शर्यतीत एका संघात आठ जण असतात आणि बहुतेक वेळा त्यातले सात जण आठव्यासाठी राबतात. त्यांना फ्रेंचमध्ये ‘डोमेस्टिक’ म्हणतात. शब्दाचा अर्थ घरगडी. ते मागे संघाच्या मोटारीपाशी जातात, पाण्याच्या सात-आठ बाटल्या जर्सीत पाठीशी, पोटाशी कोंबतात आणि पुन्हा घोळका गाठून वाटतात. नायकाचा टायर फुटला तर आपले चाक काढून देतात.

अशा चाकाची एक गोष्ट फ्रान्समध्ये अजून सांगितली जाते. 1934 साली रने व्हिएटो हा वीस वर्षांचा पोरगा घाटात इतका भारी पडत होता की लोक त्यालाच विजेता समजायला लागले होते. पिरेनीज पर्वतात त्याच्या संघनायकाचे, आंतोनँ मान्यचे चाक मोडले. व्हिएटोने आपले काढून दिले आणि मदतीची गाडी येईपर्यंत रस्त्याकडेच्या कठड्यावर रडत बसला. शेजारी एका चाकाची सायकल, असे त्याचे छायाचित्र आहे. दुसऱ्या दिवशी मान्य पुन्हा अडकला. व्हिएटो तेव्हा पुढे होता. तो घाट उलटा चढून मागे आला आणि त्याने या वेळी अख्खी सायकल देऊन टाकली. मान्यने शर्यत जिंकली, व्हिएटो पाचवा आला. विजेत्याचे नाव सांगताना लोक अडखळतात, कठड्यावरचा पोरगा मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

जर्सीचे रंग कशासाठी?

कोण कशात पुढे आहे ते रस्त्यावरच्या माणसाला लांबून कळावे म्हणून. वेळेच्या बेरजेत आघाडीवर असलेल्याला पिवळी जर्सी. ती 1919 मध्ये आली, आणि पिवळीच का? तर ‘लोतो’ पिवळ्या कागदावर छापला जायचा. इटलीच्या शर्यतीत हाच मान गुलाबी जर्सीला, कारण ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ गुलाबी कागदावर निघते. वर्तमानपत्राच्या कागदाचा रंग अंगावर चढवायला माणसे आयुष्य वेचतात, असा हा खेळ.

हिरवी जर्सी रोजच्या क्रमांकांच्या गुणांवर, 1953 पासून. आपला वेगवान तिच्या मागे असतो; तुमच्या पहिल्या मित्राचेही तिथे समाधान होईल. पांढऱ्यावर लाल ठिपके असलेली जर्सी घाट चढण्यातल्या सर्वोत्तमाला, 1975 पासून. ही कल्पना आपल्याला नवी नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तोच हा मान. फक्त घाटाचे माप वेगळे. आल्प्समधल्या गालिबिए खिंडीचा रस्ता 2,642 मीटरवर जातो. आपले कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर जवळजवळ आणखी हजार मीटर चढायचे, तेही सायकलवरून, आणि बऱ्याचदा त्या दिवशीचा तो एकमेव घाट नसतो.

खातात काय, आणि पुढचे?

घाटाच्या दिवशी पाच हजारांहून जास्त कॅलरी खर्च होतात, म्हणजे साधारण दोन-अडीच माणसांचा दिवसभराचा आहार. हल्ली हे गडी तासाला 90 ते 120 ग्रॅम कर्बोदके पोटात घालतात. बरेचसे जेल आणि गोड पाण्यातून. कोकणी माणसाला बरे वाटेल अशी बाब म्हणजे त्यांचे मुख्य अन्न भात. सकाळी भात, रात्री भात आणि खिशात चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या मऊ भाताच्या वड्या. ठरलेल्या जागी संघाचा माणूस रस्त्यात उभा राहून खाण्याची पिशवी पुढे धरतो आणि स्वार धावत्या सायकलवरून ती खांद्यात अडकवून घेतो.

संकोचाच्या प्रश्नाचे उत्तर : दिवसाचा पहिला धुमाकूळ ओसरला की बरेच जण एकदमच रस्त्याकडेला थांबतात. त्या वेळी कोणी हल्ला चढवून पुढे पळायचे नाही, असा अलिखित संकेत आहे. घाईत असलेले चालत्या सायकलवरूनही आटोपतात. मात्र वस्तीत, लोकांदेखत असे केले तर दंड होतो.

हरलेला घरी का जात नाही?

एक तर त्याचे काम संपलेले नसते. नायकाला उद्या पाणी कोण देणार? दुसरे म्हणजे वेगवानाला पुढचा सपाट टप्पा जिंकायचा असतो आणि त्यासाठी आजचा घाट मुदतीत पार करावा लागतो. पहिल्या आलेल्याच्या वेळेत ठरावीक टक्के मिळवून मुदत निघते. तिच्या बाहेर गेला तो शर्यतीतून बाद. म्हणून घाटात मागे पडलेले सगळे, एरवीचे वैरी, एकत्र येतात, गणित करत चढतात आणि मुदतीच्या चार-दोन मिनिटे आधी पोहोचतात. टीव्हीचे कॅमेरे पुढच्यांवर असतात. मला मात्र ही मागची शर्यत जास्त आवडते.

सगळ्यांच्या मागे एक गाडी येते, 1910 पासून. तिला ‘झाडूगाडी’ म्हणतात आणि पूर्वी तिच्यावर खराखुरा झाडू बांधलेला असे. ज्याच्याच्याने पुढे जाववत नाही तो तिच्यात बसतो. त्याआधी त्याच्या पाठीवरचा क्रमांक काढून घेतात. आणि पॅरिसपर्यंत टिकलेल्यांत जो शेवटचा, त्याला ‘लाल कंदील’ म्हणतात. रेल्वेच्या शेवटच्या डब्याला असायचा, तो. या नावात हिणवणे थोडे आणि माया जास्त.

आपल्याकडे काय?

तुम्ही पाहिलेली ‘पुणे ग्रँड टूर’ 19 ते 23 जानेवारी 2026 या काळात झाली. आधी एक छोटी सलामीची टाइम ट्रायल, मग चार टप्पे, मिळून 437 किलोमीटर, सगळे पुणे जिल्ह्यात. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या यादीत तिचा वर्ग 2.2. यातला पहिला दोन म्हणजे अनेक दिवसांची शर्यत, दुसरा दोन म्हणजे दर्जाची पायरी. फ्रान्समध्ये दिसणारे सर्वांत मोठे संघ या पायरीवर उतरत नाहीत. पण इथे मिळालेले गुण जागतिक क्रमवारीत धरले जातात. शर्यतीसाठी जिल्ह्यातले रस्ते नव्याने डांबरी झाले. शर्यत गेली, रस्ते राहिले, हा खेड्यांचा नफा.

टप्प्यांच्या शर्यतीत मराठी मुलखाचे नाव त्याआधीच लागले आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2018 साली मॉस्कोहून व्लादिव्होस्तोकपर्यंतची सायबेरियाची शर्यत पूर्ण केली : 15 टप्पे, सुमारे 9,100 किलोमीटर. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पार केली होती आणि 2015 मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू ती दोघांच्या संघाने पार करून आले होते. मात्र अमेरिकेची ती शर्यत टप्प्यांची नव्हे. तिथे घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही. झोपलात तर झोपही वेळेत धरतात. टप्प्यांच्या शर्यतीत घड्याळ रात्री थांबते. म्हणून तिथे वेग जास्त, आणि सेकंदांचे भांडणही.

आणि रत्नागिरीत?

रस्त्यांचे म्हणाल तर शर्यत आखणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे. समुद्राकाठचा वळणांचा चढ-उतार आहे, सड्यावरची सपाटी आहे, घाट आहे. अडचणीही आहेत. शर्यतीपुरती वाहतूक पूर्ण थांबवावी लागते, मागेपुढे मोटारी आणि रुग्णवाहिका जायला रुंदी लागते आणि उतारावरच्या वळणावर जांभ्याची बारीक खडी सांडलेली असेल तर सत्तरच्या वेगाने येणारे शंभर जण एकमेकांवर पडतील. किनाऱ्याने उत्तरेला जायचे तर जयगडला आणि धोपाव्याला खाडी आडवी येते. फेरीबोटीत घड्याळ थांबवायचे की चालू ठेवायचे, हा वाद तुमच्या गाडीवर वर्षभर पुरेल. माझे मत : धक्क्यावर थांबवावे आणि पलीकडे जितक्या अंतराने पोहोचले होते तितक्याच अंतराने सोडावे.

मासळीच्या बंदराच्या गावातून असा गडी निघत नाही, असे कोणी म्हटले तर त्याला योनास व्हिंगेगोर सांगा. डेन्मार्कच्या हान्स्टहोल्म बंदरात हा मुलगा सकाळी मासळीच्या कारखान्यात काम करायचा आणि मग सायकलवर बसायचा. त्याने 2022 आणि 2023 अशी लागोपाठ दोनदा टूर जिंकली. मिरकरवाड्यापासून आंबा घाट त्याच्या गावापासून आल्प्स आहेत तेवढा लांब नाही.

आंतरराष्ट्रीय शर्यतीची वाट पाहण्याची गरज नाही. तुम्ही दोघे मित्र आणि आणखी दोघे, असे चार जण तीन रविवार पहाटे निघा. एका रविवारी गणपतीपुळे, एका रविवारी मांडवीपासून वर मारुती मंदिरापर्यंतचा चढ, एका रविवारी एकेकट्याने पावस. हायवे टाळा, हेल्मेट घाला, पाचवा कोणी घड्याळ आणि वही घेऊन शेवटी उभा राहू दे. तिन्ही दिवसांच्या वेळा मिनिट-सेकंदांत लिहा आणि बेरीज करा. पहिला कोण आला ते कळवले नाहीत तरी चालेल, बेरीज तेवढी कळवा.